नानांचं रुखवत

मे महिन्यात धुळ्याच्या देवपुरात अंगात स्वेटर घालून चाललेला माणूस दिसला की नवखे लोक समजायचे, याला हिवताप भरलाय. जुने समजायचे, नाना कॉलेजातून घरी चालले. पांझरेच्या पुलावर डांबराला चपला चिकटतायत, रसवंतीवाल्याने स्वतःच्याच डोक्यावर ओला टॉवेल टाकलाय, आणि नाना आपले निवांत. चॉकलेटी हाफ स्वेटर, हातात डब्याची पिशवी. कोणी हटकलं तर थांबायचे, स्वेटरकडे असं बघायचे की जणू आत्ताच कळलं, आणि म्हणायचे, "अक्काकडून आलो ना भो. तिले गारवा लागस."

अक्का म्हणजे आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा जुना सर्व्हर. एसीच्या खोलीत एका कोपऱ्यात घरघरत बसलेला असायचा. नाना तिथले सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर, पण हे एवढं लांबलचक पद मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. "मी अक्काकडे असतो," एवढंच. लोकांना वाटायचं, बहिणीकडे राहतात.

मी त्याच कॉम्प्युटर सेंटरला लॅब असिस्टंट. शिंदखेड्याचा. शाळेत मला एकच विषय चांगला यायचा, तो म्हणजे नकला, आणि त्याला मार्क नसायचे. प्राचार्य, एसटीचा कंडक्टर, कॅन्टीनवाला, सगळे माझ्या घशात राहायला आलेले. नाना मात्र बरेच दिवस येईनात. त्यांची नक्कल करायला गेलो की नुसताच खानदेशी म्हातारा व्हायचा. एकदा लॅबमध्ये पोरांसमोर करत होतो. खुर्ची ओढली, चष्मा कपाळावर चढवला, "वर जाय रे, वर शे," सुरू केलं. पोरं हसली. मग एकदम हसायची थांबली. मागे दारात नाना उभे. पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी. मग आत आले आणि म्हणाले, "'शे' लांबव जरा. मी एवढा घाईत बोलत नही. आणि चष्मा डाव्या हातानं वर करतो मी, उजव्या हातात माउस असतो ना." आमच्याकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात. स्वतः करून दाखवलं. दोनदा माझ्याकडून करून घेतलं. मग म्हणाले, "आते जमनं," आणि गेले. त्या दिवसापासून नाना माझ्या घशात आले ते कायमचे.

आता थोडं धंद्याचं सांगतो, घाबरू नका. अक्काच्या पोटात डिरेक्टरी सर्व्हर नावाचा एक प्रोग्राम चालायचा. गावात पोलीस पाटील कसा असतो, कोण कुठल्या गल्लीतला, कोणाला आत घ्यायचं, कोणाला वेशीवरूनच परत पाठवायचं, सगळं त्याला ठाऊक. तसा हा. पोरगा लॅबमध्ये नाव आणि पासवर्ड टाकतो, त्याच्या पुढ्यातला कॉम्प्युटर गुपचूप अक्काला विचारतो, "हा आपला का?" अक्का हो म्हणाली तर पुढचं उघडतं. अक्का बसली की सगळं कॉलेज वेशीबाहेर.

हा प्रोग्राम नाना तयार आणायचे नाहीत. त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला कच्चा माल, आणायचे आणि तो आमच्याच मशीनवर कंपाइल करायचे, म्हणजे त्याचा चालता प्रोग्राम बनवायचे. नाना दोंडाईच्याचे, मिरचीच्या बाजाराच्या गावचे. त्यांच्या घरी तिखट कधी पुडीतून आलं नाही. मिरची आणायची, देठं खुडायची, उन्हात घालायची, मग कुटायची. मी एकदा म्हणालो, "नाना, आता हे एका कमांडमध्ये रेडिमेड येतं. सगळं जग तसंच घेतं."

"खाय ना," नाना म्हणाले. "पन खडा लागना तं कोनाले विचारशी?"

खडे आम्हाला रोजच लागायचे. कंपाइल करणं म्हणजे लग्न काढणं. या प्रोग्रामला दुसऱ्याची लायब्ररी लागते, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आधीच करून ठेवलेला तयार भाग. त्या लायब्ररीला तिसरी लागते. तिसरीला चौथी, आणि चौथी रुसून बसलेली असते. आपण बटण दाबतो, पडद्यावरून अक्षरांचा लोंढा धावतो आणि शेवटी एक ओळ येते, एरर, काम थांबलं. नवीन माणूस काय करतो? ती शेवटची ओळ कॉपी करतो, इंटरनेटवर टाकतो आणि कपाळाला हात लावतो. मी तेच करायचो. नाना मागून यायचे, माझा हात माउसवरून अलगद उचलायचे आणि म्हणायचे, "शेवटली ओळ नुसती रडस रे. मारनारा वर शे. वर जाय. पहिली ओळ वाच."

आणि मोठ्याने वाचायची. मनातल्या मनात चालायचं नाही. इंग्रजी ओळ, अक्षर न् अक्षर. प्राध्यापक असो, शिपाई असो. एकदा प्राचार्य स्वतः काहीतरी अडलं म्हणून आले, तर त्यांनाही उभं राहून वाचायला लावलं. प्राचार्यांनी वाचलं, मधेच थांबले, म्हणाले, "अरे, हे तर यातच लिहिलंय." नाना म्हणाले, "लिहिलेलंच असतं, साहेब." आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला. प्राचार्य खूश होऊन गेले. चूक सापडली की चहा हा नानांचा नियम. कोणाची का असेना. चूक करणाऱ्याला पहिला कप.

मला एखादी गोष्ट समजली नाही, की नाना दाखल्यासाठी लग्नात नाहीतर आखाजीत शिरायचे. एकदा एक लायब्ररी कंपाइल झाली, जागेवर बसली, मी डोळ्यांनी बघितली. तरी प्रोग्राम म्हणे सापडत नाही. मी वैतागलो. "नाना, समोर आहे! आंधळं आहे का हे?"

नानांनी खुर्ची ओढली. "तुनी बहीन कोठे दिधी?"

"नरडाण्याला."

"आखाजीले येस का?"

"येते की."

"एकटी?"

"नाही, मी जातो ना आणायला."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात दिवाळीला एखादी लेक येणार नाही, पण आखाजीला येणार. लिंबाला झोके, गौराईची गाणी, सांजोऱ्या, आमरस. पण ती आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरचं कोणीतरी जातं, भाऊ नाहीतर चुलतभाऊ. तो मुराळी. मुराळी दारात आल्याशिवाय लेक पिशवी भरत नाही, मग ती कलेक्टर का असेना.

"हां," नाना म्हणाले. "लायब्ररी तिच्या घरी शे. बठ्ठी तयारी करीसन बसेल शे. पन तू मुराळीले घर सांगंच नही. तो बिचारा कोठे जाई?"

मग त्यांनी दाखवलं. युनिक्समध्ये, म्हणजे आमची मशीनं ज्या सिस्टीमवर चालायची तिच्यात, खरोखरच असा मुराळी असतो. प्रोग्राम सुरू होताना तो निघतो, ज्या ज्या घरांचे पत्ते त्याला दिलेत तिथे क्रमाने जातो आणि ज्या नावाची लायब्ररी हवी ती घेऊन येतो. आम्ही पत्ता लिहून दिला. प्रोग्राम सुरू झाला. मला पहिला कप मिळाला. एवढ्या पुस्तकांत वाचून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते नरडाण्याच्या वाटेने शिरलं.

नानांची स्वतःची लेक, वैशालीताई, फैजपूरला दिलेली. शाळेत गणित शिकवते, स्वतः गाडी चालवते, एकटी पुण्याला जाऊन येते. पण आखाजीला मात्र हट्ट. मुराळी पाहिजे. भाऊ नाही, म्हणून दरवर्षी नानाच जायचे. अमळनेर, चोपडा, यावल करत, केळीच्या बागांमधून. "तिथं स्वेटर घालावा लागतो," असं सांगायचे. खोटं. पण सांगायचे.

आणखी एक सवय सांगायची राहिली. कॉलेजातून कोणी रिटायर झालं की निरोपसमारंभ होतो, नारळ, शाल, भाषणं. ते झालं की नाना त्या माणसाला आपल्या खोलीत बोलवायचे. शेजारी बसवायचे आणि त्याच्यादेखत डिरेक्टरीतून त्याचं नाव काढायचे. मग त्यालाच सांगायचे, "आता लॉगिन करून बघा." तो नाव-पासवर्ड टाकायचा. अक्का नाही म्हणायची. नाना हात जोडून म्हणायचे, "मोकळे झालात." आमच्या ग्रंथपाल मॅडम तेव्हा रडल्याच. म्हणाल्या, "राहू द्या ना नाना, दोन-चार महिने. काय बिघडतं?" नाना म्हणाले, "मॅडम, दार लावलं का नही हे ज्याचं त्यानं ओढून पाहावं. मग झोप लागते." मॅडमनी ओढून पाहिलं. बंद होतं. डोळे पुसत चहा प्यायल्या.

मागच्या वर्षी अक्का थकली. कधीही बसायची, फुंकर घालून उठवायला लागायची. नवीन मशीन आलं. नानांची नोकरी मे अखेरीला संपणार होती आणि त्याआधी डिरेक्टरी नव्या मशीनवर बसवायची होती. आखाजीनंतरच्या सोमवारी प्रॅक्टिकल परीक्षा. पोरांना लॉगिन झालं नाही तर परीक्षा नाही. प्राचार्य चांगले माणूस, पण त्यांच्याही मागे संस्था. ते म्हणाले, "नाना, शनिवारपर्यंत लागलं तर तुमचं. नाही तर बाहेरची कंपनी येऊन त्यांचं तयार बसवेल. वाईट वाटून घेऊ नका."

नानांना वाईट वाटलं नाही. त्यांना एकच हवं होतं आणि ते त्यांनी मला नव्या मशीनला हळद-कुंकू लावताना सांगितलं. "मी गेल्यावर जूनमध्ये पोरांनी यावं, नाव टाकावं, आत जावं. मना नावनी कोनी बोंब मारू नये. फोन येऊ नये. नाना कोण, असं विचारलं पाहिजे कोणीतरी."

मग त्यांनी नव्या मशीनवर पहिली गोष्ट केली ती रुखवत ठेवायची. हेही सांगायला हवं. नानांचं एक फोल्डर होतं. आयुष्यभर स्वतः लिहिलेले छोटे छोटे प्रोग्राम. एकाचं नाव झाडू, तो रद्दी फाइली काढायचा. एकाचं नाव चौकीदार. एक नुसता जेवणाच्या वेळी टूं करायचा. सोबत काय काय जुनं सामान. कुठलंही नवीन मशीन आलं की बाकी काही घालण्याआधी हे सगळं फोल्डर अक्कावरून त्यावर जायचं. आम्ही त्याला नानांचं रुखवत म्हणायचो. लेक सासरी जाताना मांडतात तसं. आणि मुराळ्याच्या पत्त्यांत सगळ्यात वर त्याच फोल्डरचा पत्ता.

कंपाइल सुरू झालं. रुसवे-फुगवे झाले, पण नानांनी एकेकाला शांतपणे समजावत आणलं. सुरक्षेची लायब्ररी आली, तिच्यामागे तिची धाकटी आली. शेवटी राहिली डेटाबेसची लायब्ररी, जिच्यात सगळी नावं साठवायची. तीही नवी, चकचकीत, कंपाइल झाली. मग खुद्द डिरेक्टरी. एकही एरर नाही. नानांनी चष्मा डाव्या हाताने कपाळावर चढवला आणि म्हणाले, "लावा."

लावली. एक ओळ आली आणि प्रोग्राम मेला.

"वाच," नाना म्हणाले.

मी मोठ्याने वाचलं. डेटाबेस लायब्ररीची आवृत्ती जुळत नाही. हवी होती नवी, मिळाली जुनी.

"जुनी?" नाना म्हणाले. "या घरमा जुनी कोठून ऊनी?"

मशीन कोरं. लायब्ररी आजच केलेली. नानांनी परत कंपाइल केलं. तेच. पुसून पहिल्यापासून केलं. तेच. गुरुवार गेला. शुक्रवार अर्धा गेला. ते सगळीकडे बघत होते. मशीनसोबत आलेल्या फोल्डरांत बघितलं, कंपनीने काय घातलंय ते बघितलं. मी एकदा म्हणालो, "नाना, हे तुमच्या रुखवताच्या फोल्डरमध्येही..."

"ते सोड," नाना म्हणाले. "ते मनं शे. तठे काय दखस?"

बरोबर आहे. त्यांचंच होतं ते. मी सोडलं.

शनिवारी सकाळी काकूंचा फोन आला. काकू म्हणजे नानांची बायको. उद्या आखाजी. वैशाली वाट बघतेय. नानांनी फोन कानाला लावून पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "तू जाय," म्हणाले. "मुराळी म्हनून. गाडी घे मनी."

"मी? मी तर ताईंना बघितलंसुद्धा नाही."

"तिनंही तुले कोठे बघितलंय? राममंदिराच्या मागची गल्ली. निळा दरवाजा. वैशालीले न्यायला आलो म्हन." आणि परत पडद्यात शिरले.

मी निघालो. नानांच्या आवाजात गाडीशी बोलत बोलत अमळनेर गाठलं, चोपडा गाठलं. यावलच्या पुढे केळी लागली तशी खरंच हवा जरा बदलली. फैजपूरला पोचलो. राममंदिर, मागची गल्ली, निळा दरवाजा. सगळं जागच्या जागी. दारात एक बाई धान्य पाखडत होत्या.

"धुळ्याहून आलो," मी म्हणालो. "वैशालीताईंना न्यायला. आखाजीला."

बाईंचा चेहरा उजळला. "या ना भाऊ, या! पोरगी सकायपासून वाट पाहून राह्यली!" मला बसवलं, पाणी, मग शेव-मुरमुरे, मग चहा. आतून वैशालीताई आली. मी जरा चपापलो. गणिताची बाई म्हणजे मी जरा मोठी धरली होती. ही माझ्याहून लहान. पण हातात हिरवा चुडा, डोळ्यांत पाणी, पहिल्या आखाजीला निघालेली पोर असते तशी. म्हटलं असेल. नाना तरुण दिसतच नाहीत, त्यांची लेक तरी दिसू दे. तिची पिशवी मी डिकीत ठेवली. ती गाडीत बसणार, तेवढ्यात मला वाटलं दोन शब्द बोलावेत.

"नाना येणारच होते," मी म्हणालो, "पण सर्व्हरला चिकटलेत गुरुवारपासून."

तिचा एक पाय गाडीत, एक रस्त्यावर. "कोन नाना?"

"तुमचे वडील."

"माझ्या वडिलांले तं दादा म्हणतात. आणि ते शेतावर आहेत, साक्रीले."

सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

मग उलगडलं. नानांच्या वैशालीचं सासर गेल्या दिवाळीत सावदा रस्त्याला नव्या घरी राहायला गेलेलं. या जुन्या घरात आता त्यांचेच भाऊबंद. आडनाव तेच. त्यांच्या घरी फेब्रुवारीत नवी सून आली, तीही वैशाली, तीही धुळे जिल्ह्यातली. तिच्या भावाने फोनवर सांगितलं होतं, मित्राला गाडी घेऊन पाठवतो. नाना स्वतः त्या नव्या घराच्या वास्तुशांतीला जेवून आलेले. पण डोकं मशीनमध्ये असताना तोंडातून निघाला तो जुनाच पत्ता.

सासूबाई हसून हसून खाली बसल्या. म्हणाल्या, "आता आलेच आहात तं जेवूनच जा." पोर मात्र हिरमुसली. तिला वाटलं, आपला मुराळी गेला. पण तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी दुसरी गाडी वळली आणि तिचा चेहरा परत फुलला. मी तिची पिशवी माझ्या डिकीतून काढून त्या गाडीत ठेवली. दुसऱ्या मुराळ्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पिशव्या चोरणारा आहे.

मग मी नानांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. अर्थात सासूबाईंच्या, पोरीच्या, सगळ्यांच्या आवाजात. मला वाटलं हसतील. पलीकडे कीबोर्डची टकटक थांबली.

"नाना?"

"पिशवी डिकीत ठेवलीच होती?"

"हो."

"नाव तेच."

"तेच."

"आडनाव तेच."

"तेच, नाना."

"आणि पहिलं घर तेच लागलं म्हनून तू शिरना."

"अहो, पत्ता तुम्हीच दिलेला!"

मग नाना, अगदी हळू, "हां. मीच दिधा." आणि फोन बंद.

खरी वैशालीताई नव्या घरी चष्मा लावून उत्तरपत्रिका तपासत बसली होती. मला बघून पहिलं वाक्य, "किती घरं फिरून आलात?" काकूंनी फोन करून सांगितलेलं. म्हणजे नानांनी काकूंना सांगितलेलं. म्हणजे नानांचा मूड बरा असावा, एवढं मला कळलं. परत येताना गाडी ताईनेच चालवली. मुराळी शेजारी बसून केळी खात होता.

उन्हं उतरायला लागली तेव्हा आम्ही देवपुरात शिरलो. ताई म्हणाली आधी कॉलेज. पायऱ्यांवर नाना उभे होते, हाताची घडी घालून. अंगात स्वेटर नव्हता. मी त्यांना बिनस्वेटरचं पहिल्यांदा बघत होतो, ओळखायला क्षणभर लागला. शेजारी प्राचार्य.

"चोर घरमाच शे," नाना मला म्हणाले.

रुखवतात. वर्षांपूर्वी अक्कासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने केलेली डेटाबेसची जुनी लायब्ररी त्या फोल्डरमध्ये तशीच पडून होती. नवं मशीन आलं, रुखवत मांडलं, ती पण आली. मुराळ्याच्या पत्त्यांत नानांचं घर सगळ्यात वर. नाव तेच. तो पहिल्या घरात शिरला आणि जी होती ती घेऊन निघाला. खरी बिचारी पुढच्या घरात तयारी करून बसलेली.

"मग ती जुनी काढली?" मी विचारलं.

"बठ्ठंच काढलं," नाना म्हणाले.

बठ्ठं म्हणजे झाडू, चौकीदार, जेवणाचं टूं, सगळं. "अहो नाना, ती एक फाइल काढली असती तरी..."

"आज ती एक. उद्या दुसरी निघेल. मी नसेन आनि तू बसशी शोधत, नानाचं शे म्हनून तिकडे न बघता." त्यांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला. "सासरले काय लागस ते सासरमाच भेटस. काय वैशे?"

"मला काय विचारता," ताई म्हणाली, "माझ्या रुखवतातला स्टोव्ह अजून माळ्यावर आहे."

तेव्हा नाना हसले. आणि मग आत जाऊन काय केलं माहितेय? सगळ्या स्टाफला गोळा केलं आणि स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगितली. पहिल्यापासून. "मी गुरुवारपासून सगळ्यांच्या घरात चोर शोधला, फक्त माझ्या सोडून." आणि फैजपूरच्या भागाला आले तेव्हा त्यांनी माझी नक्कल केली. मी, चहाची बशी हातात, गुडघे जुळवून बसलेला, "धुळ्याहून आलो," म्हणणारा. माझ्या घशाची ती बारीक चिरक मला स्वतःला माहीत नव्हती. सगळं कॉलेज हसून लोळलं. माझ्यापेक्षा चांगली केली, सांगतो. चहाचा पहिला कप त्या दिवशी नानांनी स्वतः घेतला.

सोमवारी प्रॅक्टिकल झालं. पोरं आली, नाव टाकलं, आत गेली. कोणी काही बोललं नाही. नाना दाराशी खुर्ची टाकून बसले होते, कोणी काही बोलत नाही ते ऐकत.

मे संपला. निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ. मी नानांची नक्कल केली, चष्मा डाव्या हाताने, 'शे' लांबवून. नानांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, मान हलवली, म्हणजे जमली. मग संपल्यावर हॉलमधून बाहेर पडताना त्यांनी मला खुणावलं. खोलीत गेलो. अक्का केव्हाच बंद झालेली, तिच्या जागी नवं मशीन, खोली पहिल्यापेक्षा शांत. नाना नेहमीच्या खुर्चीत बसले नाहीत. ती माझ्याकडे सरकवली आणि स्वतः शेजारच्या स्टुलावर बसले, रिटायर होणाऱ्यांच्या.

"मनं नाव काढ," म्हणाले.

"नाना, राहू द्या की थोडे दिवस."

"काढ."

काढलं. एक ओळ लिहावी लागते फक्त. मी एंटर दाबायच्या आधी त्यांच्याकडे बघितलं, ते खिडकीबाहेर बघत होते. दाबलं. मग नानांनी कीबोर्ड ओढून घेतला. हळूहळू आपलं नाव टाकलं. पासवर्ड टाकला. एंटर. पडद्यावर ओळ आली.

"वाच," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं, त्यांच्याच आवाजात. 'शे'वाल्या आवाजात.

नाना पुढे झुकले. चष्मा खाली ओढला आणि इंग्रजीत, अक्षर न् अक्षर, मोठ्याने वाचलं. नाव किंवा पासवर्ड बरोबर नाही.

मागे रेलले. चेहऱ्यावर असं समाधान की जणू पोरगी पास झालीय.

"बरोबर शे," म्हणाले. "चालू शे."

उठले. शाल पिशवीत कोंबली, नारळ काखेत घेतला. दाराशी खुंटीवर स्वेटर लटकत होता. त्याला हात लावला, काढला नाही, नुसता सरळ केला. मग पायऱ्या उतरून उन्हात गेले, नुसत्या शर्टावर, पुलाच्या दिशेने. गेटवर या वर्षीचा नवा वॉचमन होता. त्याने मला विचारलं, "कोण होते हो ते?"